थांबण्याच्या ओळीचं कारण

कंपनीने एखादा जुना कोड काढून टाकायचं ठरवलं की आधी त्याचं चरित्र लिहून घेतात. तो काय करत होता, का करत होता, त्याच्या जागी आता काय वापरायचं, हे सगळं नीट लिहायचं आणि मग त्याला पुसून टाकायचं. हे काम माझ्याकडे आलं, कारण त्या कोडला तोंडओळखीपलीकडे ओळखणारी मी एकटीच उरले होते. मॅनेजरने व्हिडिओ कॉलवर हसत हसत सांगितलं की हे फार महत्त्वाचं काम आहे. महत्त्वाची कामं तो तरुण मंडळींना देतो आणि ज्यांचं काय करावं ते कळत नाही त्यांना फार महत्त्वाची कामं देतो, एवढं मला इतक्या वर्षांत समजलेलं आहे.

मी ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिते. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावर चित्र उमटवणारी एक वेगळी चिप असते. तिच्याशी बोलणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. पडदा नीट दिसतो तोवर असा काही प्रोग्रॅम आहे हे कुणाच्या गावीही नसतं, पडदा काळा झाला की पहिली शिवी त्याला. कंपनीचं ऑफिस बंगळूरला आहे आणि मी ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजात, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. खाली वकिलांच्या पाट्या, समोर फोटोकॉपीची दुकानं. महामारीत घरी आले ती इथलीच झाले. आईला वाटतं मी दिवसभर टायपिंग करते. तिचं फारसं चुकत नाही.

जुन्या कोडवर ‘डिप्रिकेटेड’ असा शिक्का मारतात. म्हणजे तो अजून चालतो, पण नव्या माणसाने त्याला हात लावायचा नाही. माळ्यावर टाकलेल्या मिक्सरसारखं. आमचा हा कोड ज्या चिपसाठी लिहिलेला होता ती कधीच बाजारातून गेली, पण तिच्यावर चालणारी यंत्रं कुठेकुठे उरली असतील म्हणून कोड ठेवला होता. आता पुढच्या आवृत्तीत तो जाणार होता. त्याच्याबरोबर मी लिहिलेली पानंही जाणार होती, कारण आमच्यात कागदपत्रं कोडच्याच फोल्डरात राहतात आणि फोल्डर उडवला की सगळंच उडतं. मग लिहून घ्यायचं कशाला, असं मी विचारलं. प्रक्रिया आहे, असं उत्तर मिळालं.

तर त्या कोडमध्ये एक ओळ होती. लॅपटॉपचं झाकण मिटलं की चिप झोपते, उघडलं की जागी होते. ती जागी होताना ड्रायव्हर तिला विचारतो, तयार आहेस का? ती ‘हो’ म्हणाली की तो चित्र पाठवतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये मात्र ‘हो’ आल्यावरही पापणी लवेल इतका वेळ मुद्दाम थांबायची ओळ घातलेली होती. का थांबायचं, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. वर फक्त इंग्रजीत, ‘ही ओळ काढू नये.’

खरं तर कारण आधी लिहिलेलं होतं. ते काढायला लावलं होतं. हे मला माहीत होतं, कारण ती ओळ लिहिली गेली तेव्हा मी त्याच टीममध्ये सगळ्यांत नवी होते आणि ज्याने ती लिहिली तो माझा सीनियर होता.

तो आमच्याच गावचा, ग्वाल्हेरच्या हजीरा भागातला. त्याच्या घरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या फौजेतली, आमच्या घरची दरबारातल्या लेखणीवर जगलेली, पण बंगळूरमध्ये हा फरक कोण विचारतो? तिथे आम्ही दोघं ग्वाल्हेरचे, बस. मी त्याला दादा म्हणायची. टीममधली पुण्याची मंडळी आमच्या मराठीला हसायची. आम्ही ‘मला मालूम नाही’ म्हटलं की त्यांना गुदगुल्या व्हायच्या. दादा त्यांना म्हणायचा, ‘हसा, हसा. तुमच्या शुद्ध मराठीत पण बग तोच येतो ना?’ बग म्हणजे कोडमधली चूक.

त्या काळात ग्राहकांच्या तक्रारी यायला लागल्या. झाकण उघडलं की पडदा काळा तो काळाच. खापर अर्थातच ड्रायव्हरवर, म्हणजे दादावर. त्याने प्रयोगशाळेत चिपच्या पायांना तारा लावून सिग्नल मोजले आणि मला बोलावून दाखवलं. चिपला पुरती वीज मिळायच्या आतच ती ‘तयार’ म्हणून सांगत होती. साफ खोटं बोलत होती. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, आजही कुणी विचारलं तर त्या आलेखाचा आकार काढून दाखवीन. दादाने ती थांबण्याची ओळ घातली आणि पडदे काळे व्हायचे थांबले.

इथपर्यंत गोष्ट कुणालाही समजेल अशी आहे. पुढची फक्त आमच्याच धंद्यात घडू शकते. चिप बनवणाऱ्या विभागाचा प्रमुख मीटिंगमध्ये म्हणाला, ‘ड्रायव्हर बदलल्यावर तक्रार गेली ना? मग दोष ड्रायव्हरमध्येच होता.’ म्हणजे ज्याने इलाज केला, रोगही त्याचाच. आणि हे तिथल्या सगळ्या शिकल्यासवरल्या माणसांना पटलं. पटणारच. चिपमध्ये दोष आहे असं मान्य केलं असतं तर विकलेला माल परत घ्यावा लागला असता. ड्रायव्हरमध्ये दोष असला की एका माणसाकडे बोट दाखवलं की काम झालं. दादाने ओळीच्या वर कारण लिहिलं होतं, चिप वेळेआधी तयार म्हणते म्हणून. ते वाक्य त्याला स्वतःच्या हाताने खोडायला लावलं. मग त्याच्याकडून एकेक काम काढत नेलं आणि शेवटी अगदी गोड बोलून राजीनामा मागितला. कागदावर कारण लिहिलं, वैयक्तिक.

दादा ग्वाल्हेरला परत आला. आता तो हजीऱ्यातल्या एका कोचिंगमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. बरं शिकवतो म्हणे. मी गावात परतल्यापासून महिन्या-दोन महिन्यांतून त्याच्याकडे जाते. वहिनी चांगल्या आहेत, घर हसतं-खेळतं आहे. एकच गोष्ट तिथे अडून बसली आहे, ती म्हणजे त्याचे वडील.

काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता नव्वदीकडे झुकलेत, पण रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी खुर्चीत बसतात. त्यांचं म्हणणं अगदी साधं आहे. माणसाला उगाच कुणी काढत नाही. फौजेत कुणावर आळ आला तर चौकशी बसते, निकाल लेखी मिळतो. निर्दोष असेल तर तसं लिहून देतात. ‘तुला काही लिहून दिलं का?’ हे त्यांनी दादाला तो परत आला त्या दिवशी विचारलं आणि त्यानंतर कितीदा विचारलं ते दादाच जाणे. माझ्यासमोरही विचारलेलं आहे. रागाने नाही. राग असता तर भांडता तरी आलं असतं. ते आशेने विचारतात, जणू आज तरी हा खिशातून कागद काढील. दादा म्हणतो, ‘नाही बाबा.’ मग ते मान हलवतात आणि रस्त्याकडे बघत बसतात. मला त्या खुर्चीचा आणि त्या मान हलवण्याचा इतका संताप येतो की काय सांगू. आणि संताप करायचा तरी कुणावर, म्हाताऱ्यावर?

तर चरित्र लिहिता लिहिता मी त्या ओळीपाशी आले आणि मला वाटलं, हा तर कागदच आहे. कंपनीचा, लेखी. आमच्या ड्रायव्हरचा कोड आणि त्याची पानं जगाला खुली असतात, कुणीही उघडून वाचू शकतं. इथे एक खरं वाक्य लिहिलं तर ते कंपनीचं म्हणणं ठरेल.

मी दादाला फोन केला. तो आधी म्हणाला, ‘सोड ना. गडे मुर्दे कशाला उखाडतेस? तुझी नोकरी आहे, आरामात कर.’ मी म्हटलं, बरं. मी फोन ठेवणार तोच त्याने थांबवलं. मग म्हणाला, ‘प्रिंट निघेल का गं त्याची? बाबांना हातात देता येईल अशी?’

मी इंग्रजीत लिहिलं, ‘ही चिप पुरती वीज मिळण्याआधीच तयार असल्याचा संकेत देते. हा चिपमधील दोष आहे. पडदा काळा राहू नये म्हणून ड्रायव्हरमध्ये येथे थांबावे लागते.’ खाली दादाचं नाव घालून त्याने हे शोधलं असंही लिहिलं होतं.

नाव पहिल्याच फेरीत उडालं. मजकुरात माणसांची नावं घालायची नाहीत असा नियम आहे. ठीक. दुसऱ्या फेरीत ‘दोष’ हा शब्द उडाला आणि त्या जागी ‘वैशिष्ट्य’ आलं. चिपचं वैशिष्ट्य! खोटं बोलणं हे जर वैशिष्ट्य असेल तर आमच्या कंपनीत वैशिष्ट्यपूर्ण माणसांना तोटा नाही. मी पुन्हा ‘दोष’ घालून परत पाठवलं. तिसऱ्या फेरीत कायदा विभागाने तिन्ही वाक्यं काढली आणि एकच ठेवलं, ‘थांबण्याचे कारण: ऐतिहासिक.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मॅनेजरला फोन लावला. पोरगा सभ्य आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला, मॅम, तुमची या कामाबद्दलची तळमळ मला कळते, पण कोड तर जाणारच आहे, काय फरक पडतो? मी म्हटलं, फरक पडत नाही ना, मग खरं लिहायला काय हरकत आहे? तो म्हणाला, बघू. ‘बघू’ हे आमच्याकडे ‘नाही’चं सुटाबुटातलं रूप.

मी काम सोडून जुनी कागदपत्रं उपसत बसले. आई म्हणाली, ‘तू ना, बेकार डोकं लावतेस.’ बाहेर उन्हाची लू चालत होती, कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. शेवटी त्या चिपनंतर जी चिप आली तिच्या बदलांची यादी मला मिळाली. तीत स्वच्छ लिहिलं होतं की आता तयार असल्याचा संकेत वीज स्थिर झाल्यानंतरच दिला जातो. आता! म्हणजे आधी दिला जात नव्हता. त्या विभागाने स्वतःची चूक गुपचूप सुधारली होती आणि दादाला चुकीचा ठरवून घरी पाठवलं होतं. मी ती यादी जोडून तिन्ही वाक्यं पुन्हा पाठवली. दोष हा शब्द तसाच ठेवला.

आणि मंजूर झालं. एका दुपारी, कसलाही वाद न होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, मी आईला मिठी मारली. मग संध्याकाळी मॅनेजर बोलता बोलता म्हणाला की तो चिप विभागाचा प्रमुख कंपनी सोडून गेला, नव्या माणसाला या जुन्या चिपचं नावसुद्धा ठाऊक नाही, त्याने न वाचताच होकार दिला. म्हणजे पुरावा बघून कुणी खरं मान्य केलेलं नव्हतं. खरं बोलायची परवानगी मिळाली होती, कारण ते लपवण्यात आता कुणाला रस उरला नव्हता. आनंद तिथेच आंबला. पण वाक्य तर छापलं गेलं होतं, मला तेवढं पुरे होतं.

कोड पुसला जायच्या आत ते न्यायला हवं होतं. रविवारी सकाळी मी खाली जाऊन त्या पानाची प्रिंट काढून घेतली. दुकानदाराने चांगल्या जाड कागदावर काढून दिली. मी उभ्या उभ्या ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘हा चिपमधील दोष आहे.’ बाकी पानाकडे मी बघितलंही नाही. कागद फाइलमध्ये घातला आणि किला गेटवरून हजीऱ्याला गेले.

दादाने घरी आधीच सांगून ठेवलं होतं. काका नेहमीसारखे दाराशी होते. ‘ये बाई, बस. आणला का कागद?’ वहिनींनी बेडई-पुरी आणि जिलेबी मागवली होती, सणासारखं. दादा भिंतीला टेकून उभा होता. मला वाटतं त्याला बसवत नव्हतं.

मी कागद काकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, आणि मजकूर न वाचता सरळ पानाच्या तळाशी बोट नेलं. सही कुणाची आहे ते बघायला. फौजेतला माणूस कागद तळापासून वाचतो, हे मला काय माहीत? तिथे बारीक अक्षरात एक नाव छापलेलं होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. ते माझं नाव होतं.

ज्या कोडबद्दल पान आहे तो कोड कुणी लिहिला, त्याचं नाव आमची यंत्रणा पानाच्या तळाशी आपोआप छापते. मजकुरात नावं चालत नाहीत, तळाशी चालतात. मधल्या काळात सगळा जुना कोड एका भांडारातून दुसऱ्या भांडारात हलवला गेला होता आणि हलवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे त्याआधीची प्रत्येक ओळ यंत्रणेच्या लेखी मीच लिहिलेली आहे. आमच्या टीममध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर विनोदसुद्धा होतात. ते नाव मी रोज बघत होते, म्हणून मला ते दिसतच नव्हतं.

काकांनी मग वरपासून संपूर्ण पान वाचलं, इंग्रजीतलं एकेक वाक्य थांबत थांबत. ‘म्हणजे चिपच खराब होती.’

‘हो काका.’

‘आणि हा इलाज तू काढलास.’

‘नाही काका, दादाने काढला. सगळं त्यानेच शोधलं. माझं नाव मशीनने उगाच घातलंय. मी फक्त सामान इकडून तिकडे हलवलं होतं, म्हणून माझं नाव लागलं.’

‘हमालाचं नाव कुठं कागदावर असतं का, बाई?’ ते हसले. ‘तू मोठ्या मनाची आहेस. त्याला सांभाळून घेतेस. पण नाव तर तुझं छापलंय ना.’

मी पुन्हा सुरू झाले. भांडार काय, यंत्रणा काय, जमेल तसं हिंदीत, मराठीत सांगत राहिले. जितकं सांगत होते तितकं ते खोटं वाटत होतं, मलासुद्धा. काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी दादाकडे बघितलं. ‘बघ. हिच्यावर पण तोच आळ आला असेल. ही अडून बसली, लिहून घेतलं. तू राजीनामा ठेवून निघून आलास.’

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. त्याने माझ्या हातातली फाइल घेऊन टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘हो बाबा. काम हिचंच आहे.’ आणि वहिनींना म्हणाला, ‘बेडई थंड होते आहे, वाढ ना.’

काकांनी मला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. ‘शाबास,’ म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी दादाला पुन्हा तो प्रश्न विचारलेला नाही. इतकी वर्षं ते विचारत होते, म्हणजे दादा निर्दोष असेल अशी त्यांच्या मनात निदान शंका होती. ती मी घालवली.